प्रभूच्या मेजापाशी मकासरेकाका

मकासरेकाकांची आणि माझी ओळख मेथीच्या जुडीमुळे झाली. लग्न होऊन मी नगर जिल्ह्यातून घाटकोपरला आले, त्याच्या दुसऱ्याच रविवारची गोष्ट. आमची ख्रिस्ती मंडळी तेव्हाही आजच्यासारखीच शाळेच्या पहिल्या मजल्यावरच्या भाड्याच्या हॉलमध्ये उपासनेला जमत असे. येताना वाटेत भाजी घेतली होती. हॉलमध्ये समोर एक रिकामे टेबल दिसले, त्यावर मी पिशवी ठेवली आणि बाकावर जाऊन बसले. थोड्या वेळाने पांढरा सदरा आणि पांढरा लेंगा घातलेले एक उंच, अनवाणी गृहस्थ आले. त्यांनी ती पिशवी दोन्ही हातांनी उचलली, कुणाची तरी ठेव असावी इतक्या जपून, आणि माझ्या पायाशी आणून ठेवली.

"सलाम, बाई. नवीन दिसता," ते म्हणाले. "तिथं प्रभूचं भोजन मांडायचं आहे."

"टेबल रिकामंच होतं की," मी म्हणाले. तेव्हा माझी जीभ जरा जास्तच चाले.

"रिकामं नव्हतं," ते हळूच म्हणाले. "मांडायचं राहिलं होतं."

तेच श्री. शांतवन मकासरे. आमच्या मंडळीचे वडील, म्हणजे पाळकसाहेबांबरोबर मंडळीची जबाबदारी वाहणाऱ्यांपैकी सर्वांत ज्येष्ठ. विक्रोळीच्या एका कारखान्यात त्यांनी टूलरूममध्ये आयुष्य काढले. या महिन्यात त्यांना पंच्याहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. गौरव अंकासाठी मी लिहावे असे समितीने सांगितले, तेव्हा मी आधी नाही म्हटले. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेली, माझे लिहिणे म्हणजे वाण्याची यादी आणि महिला मंडळाची वही. पण मग एका कारणासाठी हो म्हटले.

गेले पाच महिने काका प्रभुभोजनाच्या रविवारी, म्हणजे महिन्याच्या पहिल्या रविवारी येशूच्या आठवणीत आपण भाकर आणि द्राक्षारस घेतो तेव्हा, शेवटच्या बाकावर बसतात. भाकरीचे ताट येते, ते शेजाऱ्याकडे देतात. द्राक्षारसाच्या पेल्यांचे तबक येते, तेही तसेच पुढे जाते. ईस्टरनंतरच्या रविवारी त्यांचा हात थरथरला, तबक कलंडले आणि रस पांढऱ्या चादरीवर सांडला, तेव्हापासून हे चालले आहे. हे सर्वांना माहीत आहे आणि सर्व जण गप्प आहेत. ज्यांनी मला एकदा या मेजापाशी परत आणले, ते स्वतः लांब बसलेले मला पाहवत नाहीत. म्हणून हा लेख गौरवाचा आहे, पण त्यात एक विनंतीही आहे. ती मी शेवटी करणार आहे.

काकांची कामाची पद्धत नवीन सभासदांना माहीत नसेल. उपासना साडेआठला, पण ते साडेसहाला येत. शाळेच्या वॉचमनकडून किल्ली घेत, चपला जिन्यात काढत आणि हॉल स्वतः झाडत. फळ्यावर शनिवारचे गणित तसेच असे. कोपऱ्यात बाईंनी 'पुसू नये' असे लिहिलेले असे, म्हणून काका फळा न पुसता तो भिंतीकडे फिरवून ठेवत. मग इस्त्रीची पांढरी चादर. ती पसरताना ते एकदाही ती झटकत नसत, घडी उलगडत उलगडत पुढे सरकत. सर्व झाले की पाच मिनिटे उभे राहत. हात जोडलेले नाहीत, डोळे मिटलेले नाहीत, नुसते उभे. एकदा मी लवकर पोचले आणि विचारले, "काका, कसली वाट बघताय?"

"मी नाही वाट बघत," ते म्हणाले. "तो आधीच आलेला असतो. आपल्याला उशीर होतो."

दोन वर्षांपूर्वी रविवारी सकाळी टीव्हीवर पौराणिक मालिका सुरू झाली आणि आमची अर्धी उपासना शेजारच्या इमारतीतल्या शंखनादात बुडू लागली. आमचीही हजेरी घटली, हे कबूल केले पाहिजे. सभेत काही जण तावातावाने बोलले. त्यांना आवाज कमी करायला सांगा, तक्रार करा, वेळ बदला. काका शेवटी उठले. म्हणाले, "मी काल त्या बिल्डिंगमधल्या गिरणीत दळण घेऊन गेलो होतो. तिथल्या माणसानं सांगितलं, मालिका लागायच्या आधी आमच्याकडे सगळे आंघोळ करून बसतात. टीव्हीला हार घालतात. चपला दाराबाहेर. मालिका संपेपर्यंत कुणी उठत नाही. आपल्याकडे पाळकसाहेब प्रार्थना करत असतात, तेव्हा मागच्या तीन बाकांवर काय चालतं?"

मागच्या तीन बाकांवर काय चालते ते सर्वांना माहीत होते. तक्रार झाली नाही. पुढच्या रविवारपासून जिन्यात चपलांची रांग मात्र वाढली.

अशा माणसाची मला भीती वाटे. आणि माझ्या हातून जी चूक झाली, ती नेमकी त्यांच्याच मेजाची.

थोरली मुलगी पाच वर्षांची असताना महिला मंडळाने पेले धुण्याचे काम माझ्याकडे दिले. एका रविवारी ताटात भाकरीचे पंधरा-वीस तुकडे उरले. आपल्याकडे पावाचेच चौकोनी तुकडे करतात. ते टाकून कसे द्यायचे? माझ्या हातून अन्न टाकवत नाही. मी ते डब्यात भरून घरी आणले. संध्याकाळी आमच्या ह्यांचे मित्र कुर्ल्याहून अचानक आले. घरात बिस्किट नव्हते. मी तवा ठेवला, बोटभर तूप सोडले, तुकडे कुरकुरीत परतले आणि चहाबरोबर दिले. पाहुण्यांनी दोनदा मागून घेतले.

पुढच्या रविवारी मुलीने मुलांच्या शब्बाथ शाळेत सर्वांना सांगितले, "आमच्या घरी प्रभूची भाकर खारीसारखी लागते."

उपासना सुटल्यावर मंडळाच्या अध्यक्षा रत्नमालाबाईंनी मला जिन्यातच गाठले. "काय गं, ऐकते ते खरं? प्रभूचं भोजन तव्यावर परतलंस?"

"उरलं होतं, बाई. फुकट जाईल म्हणून."

"आणि चहात बुडवलंस?"

"मी नाही. पाहुण्यांनी."

मागच्या दोघी-तिघी खुदकन हसल्या. रागावल्या असत्या तर मी भांडले असते. हसल्या, म्हणून मुलीचा हात धरून जिना उतरले. घरी आल्यावर हे म्हणाले, "एवढं काय मनावर घेतेस? पावच होता ना?" पण मला तसे म्हणता येत नव्हते. ज्याला मी दर रविवारी पवित्र, पवित्र म्हणून गात होते, त्याच्या ताटातले मी तुपात परतून पाहुणचार केला होता. त्यानंतर सात महिने मी मेजापाशी गेले नाही. प्रभुभोजन सुरू व्हायच्या आधी मुलीला शू लागली आहे असे सांगून बाहेर पडत असे. सात महिन्यांत त्या बिचारीला किती वेळा नसलेली शू लागली, देव जाणे.

एका मंगळवारी दुपारी काका घरी आले. मी कोळशाच्या शेगडीवर वांगी भाजत होते. रॉकेल पुरवायचे म्हणून मी तेव्हा शेगडी वापरत असे. त्यांना पाहून मला वाटले, आता मंडळीतून नाव काढतात.

"बसू का?" असे म्हणून ते पाटावर बसलेही. "मुलीची तब्येत बरी आहे ना? दर पहिल्या रविवारी बिघडते."

मी मान खाली घातली. एक निखारा बाहेर पडला होता, तो चिमट्याने उचलून आत टाकला. काका ते बघत राहिले.

"बाई, त्या संदेष्ट्याचा उतारा आठवतो? मंदिरात त्याला देव दिसला आणि तो म्हणाला, मी मेलो, माझे ओठ अशुद्ध आहेत."

"आठवतो."

"देवदूतानं वेदीवरचा निखारा कशानं उचलला?"

मी विचार केला. "चिमट्यानं."

"देवदूताच्या हातालासुद्धा चिमटा लागला. एवढं ते पवित्र. मग तो निखारा त्यानं ठेवला कुठं? परत वेदीवर नाही ठेवला. जो म्हणत होता मी घाण आहे, त्याच्याच ओठाला लावला."

"भाजला असेल हो तो," मी म्हणाले. मला खरोखरच तसे वाटले.

"असेल. ते लिहिलेलं नाही. शुद्ध झाला, एवढं लिहिलं आहे."

माझे डोळे भरून आले. वांगे करपायला लागले होते, ते उलटवण्याचे निमित्त करून मी पाठ वळवली. मग काका थोडे खाकरले.

"आता त्या पावाचं. चूक झाली का? झाली. विचारायला हवं होतं. पण तुम्हाला सांगायचं काम माझं होतं, ते मी केलं नाही. आणि खरं सांगू? इतकी वर्षं उरलेले तुकडे मीच खातो. सगळे गेल्यावर, उभ्यानं, कोरडे. मला कुणी पाहिलं नाही, एवढाच तुमच्यामाझ्यात फरक." जरा थांबून म्हणाले, "आणि तुपाचा."

सात महिन्यांनी मी पहिल्यांदा त्या गोष्टीवर हसले.

"तर आता दोघांनीही असं करायचं नाही," ते उठता उठता म्हणाले. "जे उरेल ते पाळकसाहेबांबरोबर आजारी माणसांच्या घरी न्यायचं. आणि येत्या पहिल्या रविवारी भाकर तुम्ही कापायची."

"मी? काका, मी लायक नाही."

"लायक माणूस शोधत बसलो तर मेज मांडायलाच नको," असे म्हणून ते जिना उतरूनही गेले.

त्या रविवारी मी साडेसहाला हॉलवर गेले. चपला जिन्यात काढल्या. काकांनी सुरी पुढे केली आणि बाजूला झाले. मी तुकडे कापले, ताट चादरीवर ठेवले आणि मग आम्ही दोघे ती पाच मिनिटे उभे राहिलो. काय झाले ते नीट सांगता येत नाही. प्रकाश दिसला नाही, आवाज आला नाही. वरचा पंखा कुरकुरत होता, खाली दूधवाला सायकल लावत होता. पण कुणीतरी माझ्याकडे पाहत आहे असे वाटले. तवा, तूप, सात महिन्यांची खोटी कारणे, सगळे दिसत होते. लपवायला काही उरले नव्हते आणि तरी तिथून पळावेसे वाटले नाही. भीती वाटत होती, आणि तिथेच उभे राहावेसे वाटत होते. लहानपणापासून गायनात म्हटलेला 'पवित्र' हा शब्द मला त्या दिवशी कळला. उपासनेत ताट माझ्यापर्यंत आले तेव्हा मी तुकडा घेतला. तो कोरडा होता.

आजाऱ्यांकडे भोजन नेण्याची आपली पद्धत तेव्हापासूनची आहे. मुलुंडला अंथरुणाला खिळलेल्या एका आजींकडे काका चार वर्षे न चुकता जात राहिले. त्या जिना उतरू शकत नव्हत्या, म्हणून त्यांच्या खाटेशेजारच्या स्टुलावर काका आधी पांढरा रुमाल पसरत. स्टुलावर औषधाच्या बाटल्यांचे डाग होते. तेच त्यांचे मेज.

आता विनंती.

तबक सांडल्यानंतर आठवडाभराने मी काकांच्या घरी गेले होते. ते म्हणाले, "बाई, आता हा हात पवित्र कामाचा राहिला नाही." मी त्यांना त्यांच्याच निखाऱ्याची आणि चिमट्याची आठवण करून दिली. ते खिन्न हसले. "तो देवदूत होता. त्याचा हात हलत नव्हता." त्या दिवशी मला उत्तर सुचले नाही. मी चहा पिऊन परत आले.

काका, उत्तर आज सुचले आहे, म्हणून सर्वांसमोर लिहिते. देवदूताचा हात स्थिर होता हे खरे. पण त्या मंदिरात थरथरणारा माणूसही एक होता, आणि निखारा त्याच्यासाठीच उचलला गेला. तुम्ही मला माझ्या स्वयंपाकघरात बसून शिकवले की मेजापाशी आपली जागा देवदूताची नसते. आपण त्या दुसऱ्याच्या जागी उभे असतो. मग थरथर तिथे कशी चालणार नाही?

ती चादर मी लिंबू-मीठ लावून धुतली आहे. फिका डाग राहिला आहे. मंडळाने नवी चादर आणायचे ठरवले होते, मी या महिन्यापुरते थांबवले. गौरवाच्या रविवारी तीच चादर पसरणार आहे, आणि डाग तुम्ही उभे राहता त्या बाजूला येईल असे पाहणार आहे, म्हणजे तुम्हाला जागा शोधावी लागणार नाही. तबकाची एक कड तुम्ही धरा, दुसरी मी धरीन. पाळकसाहेबांना विचारले आहे. ते हो म्हणाले.

ज्याच्यापुढे तुम्ही आम्हाला अनवाणी उभे राहायला शिकवले, तो प्रभू तुम्हाला उदंड आयुष्य देवो, गुडघ्यांना बळ देवो, आणि तुमच्या हातून आमच्या मुलांच्याही मुलांना ते ताट मिळो. हॉलची किल्ली सध्या माझ्याकडे असते. रविवारी साडेसहाला मी दार उघडून ठेवीन. झाडणार मात्र नाही. ते काम तुमचे आहे.