कुलूप बदलण्याआधी

जिंतूरच्या स्टँडवर मी एसटीत चढले तेव्हा आईनं खिडकीतून दोन गोष्टी दिल्या. एक शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा आणि दुसरी घराच्या पितळी कुलपाची चावी. डब्याचं समजलं, चावीचं समजेना. मी पुण्याला नोकरीला निघाले होते, कोपऱ्यावर दळण आणायला नव्हे. आई म्हणाली, "कव्हाबी ये माय. आमी रानात असलो तर वाट बघत बसू नको. उघड अन् आत जा." बाबा मागे उभे होते, त्यांनी नुसती मान हलवली. लाडू नगर यायच्या आत संपले. चावी मात्र पुढे कितीतरी पर्सा बदलल्या तरी माझ्याजवळ राहिली.

तिकडेच राहिलेल्या तुम्हा लोकांना वाटतं, आम्ही इकडे आलो आणि सुटलो. जे माझ्यासारखे आले त्यांना पीजी म्हणजे काय ते माहीत आहे. हिंजवडीतल्या माझ्या पीजीच्या आंटींकडे प्रत्येक खोलीची चावी होती आणि ती वापरण्यात त्यांनी कधी कंजुषी केली नाही. रात्रपाळी करून सकाळी झोपलेलं असताना त्या आत येऊन पंखा बंद करून जायच्या. पुढे भाड्याचा फ्लॅट घेतला, तर मालक नळ बघायला येऊन गेल्याचं मला संध्याकाळी बादलीच्या जागेवरून कळायचं. तेव्हाच मी मनाशी ठरवलं की एक दिवस माझं दार असेल आणि त्याची चावी फक्त माझ्याकडे असेल. स्थळं घेऊन येणाऱ्या आत्याला मी हेच सांगायचे. ती म्हणायची, हिच्या डोक्यावर परिणाम झालाय.

ते दार शेवटी हिंजवडीपलीकडच्या घोटावड्यात मिळालं. दोन खोल्या, पुढे पत्र्याची पडवी, मागे शेवग्याचं झाड. विकणाऱ्यांनी शेजारीच नवा बंगला बांधला होता, त्यामुळे जुनं घर त्यांना नको होतं. त्या घरातल्या मुलानं कागद झाल्यावर दोन चाव्या माझ्या हातात ठेवल्या आणि पेढा दिला. ऑफिसच्या कॅबमध्ये सगळ्यांचं एकच म्हणणं पडलं, "फर्स्ट थिंग, लॉक बदल." मी म्हटलं, करते. पण पडदे, गॅसची शेगडी, मीटरवर नाव लावणं, यात ते मागे पडत गेलं.

मग घरात कोणीतरी येऊन जातंय असं वाटायला लागलं. दोरीवर टाकलेले कपडे संध्याकाळी घड्या होऊन कॉटवर. ओट्यावर विसरलेलं दूध तापवून झाकलेलं. एकदा मागच्या खोलीच्या खिडकीत मिश्रीची डबी सापडली. चोर दूध तापवत नाही, एवढं मला कळत होतं, पण राग यायचा तो आलाच. इतकी वर्षं घासून मिळवलेल्या घरात पुन्हा कुणीतरी माझ्या मागे वावरत होतं.

घरून काम करायच्या दिवशी मी मागच्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसून राहिले. दुपारी दारातल्या कुलपाचा आवाज झाला आणि हौसामावशी आत आल्या. या विकणाऱ्या मुलाच्या आई, सत्तरी उलटलेल्या. मला पाहून त्या दचकल्या नाहीत. चावी चंचीत टाकली आणि म्हणाल्या, "आज कामावर न्हाई गेलीस व्हय?" मी विचारलं, मावशी, तुम्ही रोज येता? त्या म्हणाल्या, "दुपारचं पाठ टेकाया येते. तितं बंगल्यात आडवं झालं की समदी इचारत्यात, बरं न्हाई का म्हणून."

मी चहा टाकला. तो घेऊन त्या गेल्या. कुलूप बदलायचंच होतं, त्यात शंका नव्हती. अडचण वेगळी होती.

बाबा गेल्यानंतरच्या दिवाळीची गोष्ट. मी न कळवता गावी गेले, आईला आश्चर्याचा धक्का द्यायला. दार लावलेलं होतं. मी ऐटीत चावी काढली. ती लागेना. उलटी करून पाहिली, वाटलं गंज आला असेल, म्हणून शेजारच्या काकूंकडे तेलाचं बोट मागायला गेले. काकू म्हणाल्या, "अगं, तुझ्या दादानं कुलूपच बदललंय. सांगितलं न्हाई का तुला?" मी बॅग घेऊन आमच्याच ओट्यावर पाहुण्यासारखी बसून राहिले. दादा आला, हसला, म्हणाला चोऱ्या वाढल्यात. खरंच वाढल्या होत्या. दादाचं घर, दादाचं दार, त्याचं काही चुकलंही नव्हतं. पण त्या ओट्यावर मला जे वाटलं ते मी आजवर कुणाला सांगितलं नाही, आज इथे सांगते: बाबा गेले तेव्हाही मी इतकी परकी झाले नव्हते.

आता तोच ओटा मी हौसामावशींसाठी तयार करणार होते. एक दिवस दुपारी येतील, चावी फिरवतील, उलटी करून बघतील. ते चित्र डोळ्यांपुढून हलेना. बरेच दिवस विचार केल्यावर एवढं उमगलं की दादानं कुलूप बदललं याचं मला दुःख नव्हतंच. त्यानं आधी सांगितलं नाही, याचं होतं.

मी बंगल्यावर गेले आणि मावशींना सरळ सांगितलं: रविवारी कुलूप बदलतेय, तुम्हाला आधी सांगायला आले. त्यांचा चेहरा उतरला. "मला चोरटी समजतीस व्हय?" मी नाही म्हटलं आणि त्यांना जिंतूरच्या ओट्याची गोष्ट सांगितली. त्यांचा मुलगाही ऐकत होता. तो म्हणाला, "ताई, गावात ऱ्हायचं तर असं तोडून चालत न्हाई. हितं कुणाचं कुणी नेत न्हाई." मी म्हटलं, नेत नाही हे मलाही माहीत आहे, तरी बदलणार.

रविवारी सुतार आला. मावशी येतील असं वाटलं नव्हतं, पण त्या आल्या आणि पायरीवर बसून सगळं पाहत राहिल्या. जुनं कुलूप निघालं तेव्हा चंचीतली चावी काढून त्यांनी ती सुताराच्या पेटीत टाकली. नव्या कुलपाबरोबर तीन चाव्या होत्या. एक मी त्यांच्यापुढे धरली. आदल्या रात्रीपासून मनात तेच होतं: आपण होऊन दिलेली चावी वेगळी.

त्यांनी ती घेतली नाही. "नको पोरी. नांदाया आले तवा ह्या घराची चावी सासूच्या कमरंला. ती गेल्यावर मालकाच्या खिशात. मग पोराच्या. मला घावली ती घर इकल्यावर, कुणी मागितली न्हाई म्हणून. तुला तुझी मिळालीय, तर तुझ्यापाशीच ऱ्हाऊ दे. मी कडी वाजवीन."

हे सगळं गोड झालं असं मी म्हणणार नाही. मी ऑफिसला असते त्या दिवशी मावशींची दुपारची झोप गेली, आणि ती माझ्यामुळे गेली. कॅबमधून घोटावड्याच्या रस्त्याला लागताना ते कधीकधी टोचतं. तरी कुलूप पुन्हा बदलायची वेळ आली तर मी बदलेनच.

तिसरी चावी मी नागपंचमीला जिंतूरला नेली. आईनं ती उलटीसुलटी करून पाहिली आणि विचारलं, "मी कधी येणार गं येवढ्या लांब?" मी म्हटलं, कव्हाबी ये. मी कामावर असले तर उघड अन् आत जा. आणि कुलूप बदललंच, तर आधी तुला सांगेन. तिनं चावी पदराला बांधली आणि बराच वेळ गाठ आवळत राहिली. दादा तिथेच बसला होता. त्यानं आपल्या घराची एक चावी आणून माझ्यापुढे ठेवली.

घर कुठलं, असं कुणी विचारलं तर आता मी अडखळत नाही. घोटावडं. घरून कामाच्या दिवशी जेवणानंतर कडी वाजते. पहिल्यांदा वाजली तेव्हा मी मीटिंग म्यूट करून उठले, दार उघडलं, तरी मावशी बाहेरच उभ्या. मला वाटलं अजून रागावल्यात. मी म्हटलं, "या ना मावशी."

त्या उंबऱ्याकडे बघत म्हणाल्या, "ह्या दारात मला 'या' म्हणाया आजवर कुणी उठलं न्हवतं." मग आत आल्या, मागच्या खोलीत गेल्या आणि फरशीवर पाठ टेकली.