दोन कडव्यांच्या मधे

विलास गेल्याचा फोन आला आणि पाठोपाठ दुसरा. शोकसभेचं निवेदन तुम्हीच करा सर, तुमच्याइतकं त्याला कोण ओळखतं? मी हो म्हणालो. खर्डीच्या त्या सभेत बोलायला उभा राहिलो, तर कोणीतरी हातात चिठ्ठी सरकवली, आलेल्या पाहुण्यांच्या नावांची. आणि मी ती वाचली. आवाजाला छान चढउतार देऊन... महिना उलटला, पण स्वतःची शिसारी काही जात नाही.

नव्वदच्या दशकात आमचा हौशी वाद्यवृंद होता. विलास भातसानगरला धरणावर नोकरीला, आमच्यात गिटार वाजवायचा. मी मुरबाडला शिक्षक, आवाज बरा म्हणून निवेदक. विलासला फार मोठं काही वाजवता येत नव्हतं, तसा त्याचा दावाही नव्हता. पण दोन कडव्यांच्या मधे गायक थांबला की तेवढ्या जागेत तो गाण्याची चाल वाजवायचा, तीही डाव्या हातानं धरलेली कॉर्ड, म्हणजे सुरांची पकड, न सोडता. एकदा त्याच्या क्वार्टरमध्ये त्यानं मला दाखवलं. "ही सी मेजर धरली ना, मग हात हितंच. मधलं बोट उचललं का रिषभ, करंगळी टेकली का मध्यम. लांब कुठं जायाचंच नाय." साधे पाच-सहा सूर, पण ते ऐकताना मला गाण्याचे शब्द नव्यानं कळले.

ऐकलं ते तिथंच. स्टेजवर कोणी ऐकलंच नाही, कारण गायक थांबला की मी माइक ओढायचो. 'आत्ताच आपल्यात आगमन झालं आहे...' सरपंच, सभापती, मंडपवाले, कोणाचे तरी मेहुणे. त्या लोकांना आपलं नाव ऐकायची हाव, आणि मला ते घ्यायची. किळसवाणा प्रकार होता सगळा, आणि मला त्यात मजा येत होती. धसईच्या कार्यक्रमाआधी विलास म्हणाला, "आज कमल आलीय रे ऐकायला. माझ्या तुकड्याला तेवढा गप ऱ्हा." मी शब्द दिला. आणि नेमका त्याच वेळी मंडपात एक पुढारी शिरला. मी बोललो. विलास खाली मान घालून वाजवत राहिला. नंतर तारा पुसून त्यानं गिटार पिशवीत घातली. पुन्हा कधी माझ्याकडे काही मागितलं नाही.

परवा विलासच्या बायकोला, कमलवहिनींना भेटायला गेलो. त्यांनी धसईच्याच कार्यक्रमाची कॅसेट टेपमध्ये घातली. गायक थांबला, गिटारचा पहिला सूर आला आणि त्यावर माझा आवाज, खणखणीत, शुद्ध. "बंद करा वहिनी," मी म्हणालो.

त्यांनी बंद केलं नाही. टेपला कान लावून बसल्या.

"मी रोज लावते," त्या म्हणाल्या. "दोन नावांच्या मधी तुमी श्वास घेता ना भाऊजी, तेवढ्यात त्यांचं जरासं ऐकू येतं."