हत्तीखान्यातून विमानात

पद्माकर दिघे पुढे हवाई दलात फार वरच्या हुद्द्यावर पोचले, छातीवर पदकांना जागा पुरेना. पण बडोद्यात त्यांची ओळख शेवटपर्यंत ‘हत्तीखान्यातल्या मोहनरावांचा मुलगा’ हीच राहिली, आणि खरं सांगायचं तर ती त्यांना पदकांपेक्षा जास्त आवडे. ही गोष्ट ते नुसते पद्माकर होते तेव्हाची, म्हणून आपणही त्याला अरेतुरेच करू.

मोहनराव म्हणजे सयाजीराव महाराजांच्या हत्तीखान्याचे दारोगा. घर पाणीगेटजवळ. हत्तींचं खाणंपिणं, माहुतांच्या पाळ्या, दसऱ्याची अंबारी, सगळं त्यांच्याकडे. हत्तींशी ते लाडीगोडीनं बोलत. घरात मात्र तोंडातून शब्द काढायला जणू जकात पडायची.

पोरानं कॉलेज संपवून दरबारात चिकटावं, हे घरात ठरलेलंच होतं. पद्माकरनं परस्पर हवाई दलासाठी अर्ज केला, निवडला गेला, आणि विलायतेला जायची वेळ आली तेव्हा घरी सांगितलं. आनंदीबाईंनी, म्हणजे त्याच्या आईनं, पोटभर रडून घेतलं आणि डोळे पुसून लाडू वळायला घेतले. मोहनराव एवढंच म्हणाले, “हत्ती आपला माणूस ओळखतो. ते यंत्र तुला ओळखणार नाही. असल्याच्या पाठीवर बसायला माझा आशीर्वाद नाही.”

आणि हे त्यांनी पाळलं. पद्माकर विलायतेहून वैमानिक होऊन आला, कराचीला रुजू झाला, रजेवर येऊ लागला. दर वेळी तो वाकायचा, आणि मोहनराव खिडकीबाहेर बघायचे. नमस्कार करावा आणि वरून शब्द येऊ नये, हे फार लागतं. विमान उलटंपालटं करताना न घाबरणारा हा गडी घरातून निघताना मात्र रडवेला व्हायचा.

एका हिवाळ्यात कराचीहून पुण्याला विमान नेताना वाटेत पेट्रोल भरायला बडोद्याला, हरणीच्या मैदानावर, उतरायचा हुकूम झाला. घरी तार गेली. अर्धं बडोदं मैदानावर लोटलं. आनंदीबाई लाडवांचा डबा घेऊन आल्या. आले नाहीत ते मोहनराव.

पेट्रोल भरून झालं, लोकांचं ‘आवजो, आवजो’ सुरू झालं, इंजिन धडधडू लागलं. पद्माकरनं शेवटचं म्हणून मान वळवली, तर गर्दीतून लाल पगडी पुढे येत होती. हातात हत्तीचा जाड रोट आणि गुळाचा खडा. मोहनराव सकाळभर स्वतःशीच भांडले होते. पोरगा ऐकत नाही तर निदान त्याच्या त्या जनावराशी ओळख तरी करून घ्यावी, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. आता नव्या हत्तीची ओळख करायची रीत ठरलेली: मागून कधी जायचं नाही. त्याला दिसेल असं समोरून, सावकाश, हातातला गूळ दाखवत जायचं. ते तसेच निघाले, थेट विमानाच्या नाकासमोरून. तिथं पंखा इतका जोरात फिरत होता की डोळ्यांना दिसतच नव्हता.

पद्माकरनं खटका दाबून इंजिन बंद केलं आणि जिवाच्या आकांतानं ओरडला, “नाना, तिथंच थांबा! मी सांगेपर्यंत पाऊल उचलायचं नाही!”

मोहनराव जागच्या जागी थांबले. पंखा मंदावला, दिसू लागला आणि त्यांच्या छातीपासून हातभर अंतरावर उभा राहिला. मोहनरावांवर आवाज चढवलेला आजवर कुणी ऐकला नव्हता. पद्माकर खाली उडी मारून धावला. त्यानं वाकून पायांना हात लावला आणि चुकलो म्हणाला.

“चुकलास कसला?” मोहनराव म्हणाले. “मानेवर बसलेल्या माहुताचा हुकूम दारोग्यानंही मोडायचा नसतो. महाराजांनीसुद्धा नाही.”

मग ह्याच्याजवळ कुठून यायचं, हे त्यांनी लेकाकडून नीट समजून घेतलं, बाजूच्या पंखामागून वळसा घालून आले आणि विमानाच्या पोटावर दोन थापा मारल्या. हे खातं काय, विचारलं. पेट्रोल, म्हटल्यावर त्यांनी हातातल्या गुळाकडे पाहिलं. पद्माकरनं, गणवेशात, शिपायांच्या देखत, आ वासला.

त्याच्या तोंडात गूळ घालून मोहनरावांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

“औक्षवंत हो,” ते म्हणाले. “बस आता वर.”