नमस्कार, सुनंदाभाऊ

अत्यंत गांभीर्याने जाहीर करतो, की स्वतःच्या तोंडाने कोणालाही नमस्कार न करता रोज सकाळी अर्ध्या वऱ्हाडाला नमस्कार घालणारा माणूस एकच, आणि तो माझा मेव्हणा आहे. अकोल्याच्या जठारपेठेत माझ्या दुकानाच्या मागच्या खोलीत बसून तो अडत्यांसाठी प्रोग्राम लिहितो. त्यातून भाजी-फुलं पिकवणाऱ्यांच्या मोबाइलवर भाव जातात. 'नमस्कार'पासून भावापर्यंत वाक्य आधीच तयार, नावाची जागा तेवढी रिकामी. "वाक्य म्हंजे वरण, भाऊजी. एकदाच शिजवाचं, नावाची फोडणी ज्याची त्याले," असं तो सांगतो. जगणंही तसंच. ताटात भाकर पडद्यावरच्या तक्त्यातल्या अक्षरांसारखी डावीकडे, वांगी आकड्यांसारखी उजवीकडे. आणखी किती वाढू, असं त्याच्या बहिणीने, म्हणजे माझ्या बायकोने, विचारलं तर "एक पॉइंट शून्य शून्य." बारसं असो की तेरावं, त्याचं वाक्य एकच, फक्त नाव बदलतं.

या साच्यात त्याने प्रत्येक नावापुढे 'भाऊ' कायमचं ठोकून ठेवलं होतं. एका सकाळी अमरावतीहून फोन आला. शेवंती पिकवणाऱ्या, आईबापाची शेती सांभाळताना लग्न राहून गेलेल्या सुनंदाबाई विचारत होत्या, "कोन्या बाजूनं मी तुमाले भाऊ दिसली जी?" मेव्हणा चक्क हसला. मग भाव मेसेजमध्ये असूनही बाई रोज फोन करून भाव विचारू लागल्या, आणि चाळिशीतला हा गडी फोनआधी केस विंचरू लागला.

चूक सुधारायची होतीच. त्याने नावापुढे आणखी एक रिकामी जागा केली: पुरुषांना भाऊ, बायकांना ताई. मग दुपारभर पडद्याकडे बघत बसला आणि एका नावासाठी वेगळी अट लिहिली. तिथे काहीच नाही. नुसतं 'नमस्कार सुनंदा'. मी विचारलं, तर म्हणाला, राहू द्या.

फोन बंद झाले. मेव्हणा ताटात भाकर कशीही ठेवू लागला. बाई दुखावल्या, आता कायमच्या गेल्या, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं.

आणि एक दिवस त्या सकाळच्या गाडीने अकोल्याला उतरून थेट दुकानात आल्या. गावातल्या बायकांचे मेसेज वाचून आल्या होत्या.

"साऱ्याइले ताई, अन् मलेच कावून नुसतं सुनंदा? मी का मान द्याच्या लायकीची नाही?"

मेव्हण्याने पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मला उठून त्याच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला. तेवढ्यात तो बोलून गेला,

"तुमाले ताई म्हनलं असतं, तं लग्नाचं कोन्या तोंडानं इचारलं असतं जी?"