पानवाडीच्या बांधावरची चप्पल

माझ्या उजव्या पायाचं दुसरं बोट गेलं, त्याला पाच आठवडे झाले. बोट गेलं असं सगळे म्हणतात. गेलं कसलं, मी घालवलं. जखम अजून भरत नाही. गुरुवारी डॉक्टर पट्टी सोडून बघतील आणि बाकीचा पाय ठेवायचा की घोट्याच्या वरून काढायचा ते सांगतील. आज मंगळवार. दोन दिवस नुसतं बसून राहिले तर डोकं फिरेल, म्हणून लिहायला घेतलंय.

माझं माहेर आगाशीचं. वडिलांना साखर होती आणि सुकेळ्यांचं वेड होतं. राजेळी केळी उन्हात वाळवून करतात ती सुकेळी ते बनियनच्या आत लपवून खायचे आणि वर आम्हालाच विचारायचे, "कोणी संपवली रे?" पुढे टाचेला जखम झाली. दुखत नव्हती, म्हणून त्यांनी ती तशीच राहू दिली. "दुखत नाही म्हणजे बरंच आहे की," म्हणायचे. गुडघ्याखालून पाय काढावा लागला आणि त्यानंतर ते वर्षभरही राहिले नाहीत. ती जखम रोज मी धुवायचे. माझं लग्न व्हायचं होतं तेव्हा. तो वास अजून माझ्या नाकातून गेलेला नाही.

म्हणून त्रेचाळिसाव्या वर्षी माझ्या रिपोर्टात साखर निघाली तेव्हा मी मनाशी ठरवलं, वडिलांच्या वाटेनं जायचं नाही म्हणजे नाही. आणि खरं सांगते, मी कसूर केली नाही. आमच्या गासच्या घरात, सासरी, तांदळाच्या भाकरीशिवाय पान हलत नाही, मी ज्वारीची थापायला शिकले. घरच्या वाडीत केळीचे घड लोंबतात, मी हात लावला नाही. रोज पाऊण तास चालायचे. गोळी कधी चुकवली नाही. तीन वर्षांपूर्वी नालासोपाऱ्याच्या डॉक्टरांनी डोळे मिटायला सांगितलं आणि तळव्याला बारीक दोरा टोचत विचारलं, "कळतंय?" मी म्हटलं, "टोचा तरी आधी." ते म्हणाले, "टोचून झालं."

त्या दिवसापासून नियम झाला. अनवाणी चालायचं नाही, घरातसुद्धा नाही. मागे पट्टा असलेली काळी मऊ चप्पल घेतली. रोज संध्याकाळी पाय धुवायचे, बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या आणि हातातला छोटा आरसा तळव्याखाली धरून बघायचं. महिला मंडळाच्या हळदीकुंकवाला मी यावर अर्धा तास बोललेही. टाळ्या पडल्या. दोघीतिघींनी तर तिथल्या तिथे चपलेचा नंबर विचारून घेतला.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखी पानवाडीच्या बांधावर चप्पल काढून आत गेले.

आमच्याकडे केळी आणि भाजीच्या मागे थोडी पानवेल अजून राखलेली आहे. विड्याची पानं. पानवाडीत पायताण घालून कोणी जात नाही. वेल म्हणजे लक्ष्मी, तिच्यात वहाण न्यायची नसते. मी नवी नवरी म्हणून आले तेव्हा सासूबाईंनी बांधापाशी थांबून स्वतःच्या वहाणा काढल्या, मी बघून माझ्या काढल्या. तेवढंच. शब्दानं त्या काही बोलल्या नव्हत्या. तेव्हापासून पंचवीस वर्षं मी त्या बांधावर चप्पल काढत आलेय. डॉक्टरांनी बजावल्यावरसुद्धा. देवळात काढतोच की, तासाभरानं काय होतंय, अशी मनाची समजूत घालायचे.

पण खरं कारण वेगळंच होतं, आणि आता लपवून तरी काय मिळणार? माझ्या तळव्यांना काही कळत नाही हे घरात मी कोणाला सांगितलंच नव्हतं. साखर थोडी वाढलीय, एवढंच सांगितलेलं. चप्पल टाच दुखते म्हणून घेतली, असं नवऱ्याला सांगितलं. वडिलांचा पाय गेला तेव्हा माहेरची माणसं त्यांच्याशी किती हळू आवाजात बोलायची ते मी पाहिलं होतं. मला तसं कोणी बोललेलं नको होतं. वाडीतून मला उठवून ओटीवर बसवतील ही धास्ती होती. मंडळातल्या चाळीस बायांना सांगितलं, आणि घरातल्या दोन माणसांना सांगायला जीभ उचलली नाही. अशी मी शहाणी.

यंदाच्या लग्नसराईत पानांना मागणी आली. तीन दिवस खुडणी चालली होती. वेलींना आधाराचे बांबू बदलले होते, त्यांची बारीक चिपाडं मातीत पडलेली. त्यातलीच एक बांबूची कूस, काट्यासारखी, दुसऱ्या बोटाखाली आत शिरली असणार. कधी शिरली मला माहीत नाही. दोन संध्याकाळी मी आरसा घेतला नाही. पाठ मोडून आली होती, उद्या बघू म्हटलं. तीन वर्षांत फक्त त्या दोन संध्याकाळी.

तिसऱ्या दिवशी न्हाणीतून पाय पुसून चपलेकडे आले. चार पावलांचं अंतर. सासूबाई दारात पानं मोजून गड्ड्या बांधत होत्या. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत, नजर मंदावलीय. त्या घरची जुनी बोली बोलतात, इथे मी सरळ करून लिहितेय. म्हणाल्या, "अगं, पाय नीट पुस. लादीवर डाग पडलेत."

मी मागे वळून पाहिलं. एका पायाचे ठसे होते, पिवळट. वाकले, आणि तोच वास आला.

पुढचं काय सांगायचं. इस्पितळात जोडवं निघेना, इतकं बोट सुजलेलं. जोडवंच कापून काढलं. बोट दुसऱ्या दिवशी गेलं. नर्सनं जोडव्याचे दोन तुकडे कागदात गुंडाळून सासूबाईंच्या हातात दिले. त्या कागद मुठीत धरून बाकावर बसल्या होत्या, आणि मला त्यांचा असा संताप आला की काय सांगू. घरी आल्या आल्या मी तोंड सोडलं. नवरा गप्प करायला आला, त्यालाही उडवून लावलं. म्हटलं, "तुमच्या लक्ष्मीनं माझं बोट खाल्लं. आता पाय खाईल. मग घाला पायताणं आणि नाचा तिथे."

सासूबाई शांतपणे ऐकत होत्या. मग विचारलं, "तुझ्या पायाला कळत नाही म्हणतात डॉक्टर, हे कधीपासून?"

"तीन वर्षं झाली."

"मला सांगितलंस कधी?"

"सांगून काय झालं असतं? आत चप्पल घालू दिली असतीत?"

त्या मग म्हणाल्या, "तुझ्या सासऱ्यांच्या तळव्याला गळू झालं होतं. चार महिने पायाला गोणपाट गुंडाळून जायचे वाडीत. सकाळी मीच बांधून द्यायचे. तुलाही बांधून दिलं असतं. वेलीला काय कळतंय पायात काय आहे ते?"

मला रडायलासुद्धा आलं नाही. सासरे मी आले त्याच्या आधीच गेले होते, मला हे कळणार कसं? विचारलं असतं तर कळलं असतं. भाकरी बदलली, चालणं सुरू केलं, गोळ्या गिळल्या, आरशात तळवे बघितले. एक वाक्य तेवढं बोलायचं राहिलं.

आता रोज संध्याकाळी सासूबाई माझा पाय मांडीवर घेतात. नको म्हटलं तरी ऐकत नाहीत. पट्टीचा भाग सोडून टाच, कड, घोटा अंगठ्यानं हळूहळू दाबत जातात आणि विचारतात, "इथं कळतंय?" मी म्हणते, "नाही." मग त्या अंगठा थोडा सरकवतात. "इथं?" "नाही." त्यांना नीट दिसत नाही, म्हणून त्यांचा सगळा जीव त्या अंगठ्यात असतो. महिनाभर मी नाही-नाही म्हणतेय, आणि प्रत्येक नाहीला त्यांचा चेहरा उतरतो.

काल त्यांनी टाचेवर दाबलं. मी त्यांच्याकडे बघितलं आणि म्हटलं, "हो. कळतंय."

त्यांनी डोळे मिटले. "देवा," एवढंच म्हणाल्या, आणि पदरानं माझी टाच पुसली. किती हलकं वाटलं असेल त्यांना. मलाही क्षणभर वाटलं, राहू दे असंच. गुरुवार येईपर्यंत तरी झोप लागेल म्हातारीला.

मग लक्षात आलं. परत तेच करत होते मी.

"आई," मी म्हटलं, "खोटं बोलले. काही कळत नाहीये मला. घोट्यापर्यंत काहीच कळत नाही. आणि मला फार भीती वाटतेय."

हे वाक्य तोंडातून निघायला तीन वर्षं आणि एक बोट लागलं. सासूबाईंनी डोळे उघडले. रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी पाय मांडीवर नीट घेतला, अंगठा घोट्याच्या थोडा वर सरकवला आणि दाबून विचारलं, "बरं. मग इथं?"