जुनी आठ, नवी चार

वाशीममध्ये सैफुद्दीनच्या दुकानात गादी भरायला टाकली, की ती ठरल्या दिवशी मिळेल याची हमी अल्लाही देत नाही. गाणं मात्र लगेच मिळतं, आणि फुकट मिळतं. कापूस पिंजायचं मशीन घरघरायला लागलं, की सैफुद्दीन नाकातोंडाला रुमाल बांधतो आणि रुमालाच्या आडून सूर लावतो. उशीर झालेली गिऱ्हाइकं भांडायला म्हणून येतात आणि दोन कडवी ऐकून परत जातात. घरी गेल्यावर त्यांच्या लक्षात येतं, की गादी राहिलीच.

एके काळी हा माणूस स्टार होता. हे तो स्वतःच सांगतो, पण खरी गंमत अशी की जिल्हासुद्धा ते नाकारत नाही. कॅसेटचे दिवस होते तेव्हाची गोष्ट. अनसिंगचा जानराव नावाचा उमदा शेतकरी आपल्या लग्नाच्या गाद्या भरून घ्यायला दुकानात आला. मशीनच्या घरघरीवर मात करणारा आवाज ऐकून तो गाद्या विसरला आणि म्हणाला, "सैफूभाई, माया हयदीले तूच गा." सैफुद्दीननं गायलं, आणि गाणंही जागच्या जागी बांधलं:

"जानरावाले हयद लावा, विजयमालेले खबर द्या."

नवरदेवाची उष्टी हळद नवरीकडे जाते, तिची ही वर्दी. जानरावाच्या हळदीला त्याचं नाव, त्याच्या होणाऱ्या बायकोचं नाव, सगळं रीतीप्रमाणे. मांडव इतका नाचला की जानरावानं हौसेनं सैफुद्दीनला अकोल्याला नेलं आणि कॅसेट काढायला लावली. ती कॅसेट एसटी स्टँडवर विकली गेली, शिरपूरच्या बाजारात विकली गेली, ट्रॅक्टरवर वाजली, काळीपिवळीत वाजली, आणि शेवटी लग्नात शिरली ती निघालीच नाही.

नाव बदलायचं कोणाला सुचलं नाही. नवरदेव राजपाल असो की जगदेव, हळद लागायची ती जानरावालाच. नवरी कोणीही असो, खबर जायची विजयमालेला. एकदा एका नवरीच्या पुण्याहून आलेल्या काकानं "हा जानराव कोण?" असं विचारलं, तेव्हा अख्ख्या मांडवानं त्याच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

या सगळ्यात एकच माणूस खूश नव्हता, आणि तो नेमका सैफुद्दीनच्या घरात होता. मेहरबी, त्याची बायको, गाद्या टाचायला त्याच्या शेजारी बसते. तिची जीभ सुईपेक्षा थोडी जास्तच टोकदार आहे. "दुसऱ्याच्या बायकोचं नाव साऱ्या जिल्ह्यात वाजवलं," ती म्हणायची, "अन् मायं नाव कुठी हाय? रेशन कार्डावर!" यावर सैफुद्दीन हसून मान खाली घालायचा. तिच्या बोलण्यात तथ्य होतं. लग्न झाल्यापासून त्यानं तिला नावानं हाक मारलेली नव्हती. आधी "आयकते का?" होतं, मुलगी झाल्यावर "जोयाची अम्मी" झालं. त्याच्या बापानंही त्याच्या आईला कधी नावानं बोलावलं नव्हतं, आणि गल्लीत कोणीच बोलावत नव्हतं. माइकवर गरजणारा हा स्टार घरात मात्र बायकोचं नाव घ्यायला लाजायचा.

साठी जवळ आली तसे डोळे गेले. म्हणजे आंधळा झाला नाही, पण टाचायच्या मोठ्या सुईचं नाकसुद्धा दिसेना. तो सुई पुढे करायचा, मेहरबी धागा ओवून द्यायची. असं दिवसातून कितीदा तरी व्हायचं. आणि एका दुपारी, मशीन बंद असताना, त्याला गाणं सुचलं:

"धागा ओवून दे मेहरबी, मले सुई दिसत नाई."

नाव गाण्यात आपोआप येऊन बसलं. त्यानं ते बायकोसमोर गायलं नाही. पण मनाशी एक हट्ट धरला. हे नाव विजयमालेच्या नावासारखं गावोगावच्या मांडवात वाजलं पाहिजे. आपण जिवंत असताना, आणि तिच्या कानावर पडेल असं. त्या हट्टापायी त्यानं आणखी तीन नवी गाणी बांधली, कारण एकट्या गाण्याचा अल्बम होत नाही एवढं त्याला कळत होतं.

तो तनवीरकडे गेला. तनवीर त्याचा भाचा, बाजारात त्याचं मोबाइलचं दुकान आहे, आणि जिल्ह्यातल्या निम्म्या डीजेंना तोच पेन ड्राइव्ह भरून देतो. तनवीरनं चारही गाणी शांतपणे ऐकली आणि धंद्याची गोष्ट सांगितली. "मामू, निस्ती नवी कोनी घेत नाई. जुनी सुपरहिट आठ टाका, त्याच्या पोटात नवी चार ढकला. लोकं जुन्यासाठी घेतीन, नवी आपसूक वाजतीन."

सैफुद्दीनला ते पटलं. जुन्या कॅसेटची टेप घासून आवाज नाकातून येत होता, म्हणून आठही गाणी पुन्हा रेकॉर्ड करायची ठरली. तिथं तनवीरला दुसरी अक्कल सुचली. जानरावाचं नाव काढून नुसतं 'नवरदेवाले' केलं आणि विजयमालेचं 'नवरीले' केलं, तर हिंगोली, बुलढाणा, कुठंही गाणं चालेल. सैफुद्दीनला आधी विजयमालाच आठवली. ती जाऊन तीन वर्षं झाली होती, आजारपणात गेली, तो मातीलाही गेला होता. पण स्टार माणसाला हिंगोलीचा मोह आवरत नाही. शिवाय मनात कुठेतरी होतं, की जुनं नाव गेल्याशिवाय नव्या नावाला जागा होणार नाही. त्यानं नावं काढली.

'सैफू के सुपरहिट: जुने अन् नवे' बाहेर पडला. अल्बमच्या चित्रावर डावीकडे कॅसेटच्या काळातला काळा गॉगल घातलेला सैफुद्दीन आणि उजवीकडे आजचा सैफुद्दीन. डावीकडच्याच्या डोक्यावर केसांचं रान होतं. उजवीकडच्याला तनवीरनं कॉम्प्युटरवर थोडे चिकटवले होते.

पहिल्याच आठवड्यात अनसिंगचा डीजेवाला हेमसिंग दुकानात येऊन उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावर मांडवातली सगळी शिवीगाळ लिहिलेली होती.

"सैफूभाई, माल बदलला का तुमी? 'नवरदेवाले हयद लावा' लावलं, त लोकं नाचताना थांबले. मले म्हनतात, जानराव कुठी गेला?"

"अन् नवी गानी?" सैफुद्दीननं आशेनं विचारलं.

हेमसिंग चाचरला. खोटं बोलायची त्याची इच्छा होती, पण सवय नव्हती. "नवं लागलं का लोकं पानी प्याले जातात," तो म्हणाला.

सैफुद्दीनला लागलं. त्या दिवशी त्यानं मशीन चालू केलं, पण गायला नाही, आणि एक गादी चक्क वेळेवर तयार झाली. मेहरबीला काळजी वाटली ती तेव्हा.

आणि मग जानराव आला. मोटारसायकल दुकानासमोर लावून, हातात लग्नपत्रिका घेऊन आत शिरला. आता त्याच्या मिशा पांढऱ्या झाल्या होत्या. जिल्ह्यात त्याची एक जुनी थट्टा चालायची, की बोलावणं असो नसो, हा प्रत्येक लग्नात डीजेच्या पेटीजवळ उभा राहून स्वतःचं नाव ऐकतो. सैफुद्दीननंही ती थट्टा कितीदा केली होती.

"पत्रिका द्याले आलो," जानराव म्हणाला. "ऋषिकेशचं लगन हाय. अन् भांडाले बी आलो."

"मंग अगुदर भांडून घ्या, जानरावभाऊ. चाय बादमधी."

"गान्यातून नाव काहून काहाडलं?"

सैफुद्दीननं उत्तर तयार ठेवलं होतं. "इतकी वर्सं तुमचंच नाव वाजलं ना, भाऊ. आता दुसऱ्या नवरदेवाईचा बी कधी हक लागन का नाई?"

"माया नावाचं का मले लोनचं घालाचं हाय?" जानराव म्हणाला. "मायं नाव काहाड, खुशाल काहाड. तिचं कायले काहाडलं?"

मशीन बंद होतं. मेहरबीनं हातातली सुई गादीत टोचून ठेवली.

"साऱ्याइले वाटते, मी मायं नाव आयकाले जातो," जानराव पुढे म्हणाला. त्याचा आवाज भांडणाचा राहिला नव्हता. "ती होती तवा मी तरी कुठी तिचं नाव घेत होतो? ऋषीची माय, झालं. पोरं आई म्हनत. आता त घरात तिचं नाव निघतच नाई. मोठ्यानं नाव घेनारं ते एकच गानं होतं, सैफूभाई. लग्नात गेलो का कोनीतरी विजयमालेले खबर द्या म्हने, अन् मले वाटे, हाव, देली. आता ऋषीची हयद हाय. त्याची माय त येत नाई. नाव तरी येऊ दे."

ज्या हट्टासाठी सैफुद्दीननं रात्रंदिवस जीव टाकला होता, तोच हट्ट हा माणूस तीन वर्षं मांडवामांडवात हिंडून पुरा करून घेत होता. आणि आपण हिंगोलीच्या नादात तो पुसून टाकला. त्याला स्वतःची लाज वाटली, अगदी मनापासून.

"मी येतो," तो म्हणाला. "पेन ड्राइव्ह नाई, काई नाई. तोंडानं गातो."

"अन् मी बी येते," मेहरबी म्हणाली, आणि चहा ठेवायला उठली.

अनसिंगला हळदीच्या दिवशी मांडव भरलेला होता. ऋषिकेश पाटावर बसला होता. नवरी साधना शिरपूरची, तिच्याकडे उष्टी हळद घेऊन जायला गाडी तयार उभी होती. सैफुद्दीननं माइक हातात घेतला. आवाज पहिल्यासारखा राहिला नव्हता, वरच्या सुराला तो थोडा खाकरत होता. पण "जानरावाले हयद लावा" म्हणताच मांडवात जो ओरडा उठला, तो ऐकून हेमसिंगनं स्वतःच्या पेटीचा आवाज कमी केला.

मग "विजयमालेले खबर द्या" आलं. हळद लावणाऱ्या बायकांचे हात थांबले. एवढी वर्षं सगळ्या जिल्ह्यानं हे नाव नाचत म्हटलं होतं, आणि आज पहिल्यांदा सगळ्यांनी ते ऐकलं. ऋषिकेशनं मान खाली घातली. हळद लागलेल्या तोंडावर रडलेलं लपत नाही, त्यानंही लपवलं नाही. जानराव नेहमीच्या जागी, पेटीजवळ उभा होता. सैफुद्दीननं ती ओळ पुन्हा घेतली, आणि पुन्हा घेतली, आणि कोणीही त्याला पुढच्या कडव्यावर जा म्हटलं नाही.

गाणं संपल्यावर जानरावानं डोळे पुसले आणि माइक ओढून घेतला. "आता सैफूभाईचं नवं गानं व्हईन," त्यानं जाहीर केलं. "अन् जो पानी प्याले उठन, त्याले जेवन भेटनार नाई!"

मांडवात हशा झाला, पण उठलं कोणी नाही. पुरणाचा वास सुटलेला होता, धोका कोण पत्करणार? सैफुद्दीननं मेहरबीकडे न बघता डोळे मिटले आणि सुरू केलं. "धागा ओवून दे मेहरबी, मले सुई दिसत नाई." पहिल्यांदा लोकांनी जेवण हुकण्याच्या भीतीनं ऐकलं. दुसऱ्यांदा जानरावाची आत्या गोमतीबाई जाड भिंगांचा चष्मा सावरत ओरडली, "मले बी दिसत नाई गा!" आणि मांडव हसून फुटला. तिसऱ्यांदा बायकांनी ओळ उचलली. चाळिशी लागलेल्या जितक्या होत्या तितक्या सगळ्या सुई दिसत नाही म्हणून टाळ्या देऊ लागल्या, आणि मधे बसलेल्या मेहरबीला कोपरानं ढोसू लागल्या. मेहरबीनं पदर ओढून पार नाकापर्यंत आणला. पदराआड ती हसत होती की काय करत होती, ते कोणाला दिसलं नाही.

तनवीरनं नंतर दोन्ही नावं जागच्या जागी परत बसवली. हिंगोली जिंकायची राहिली. नवीन चारांपैकी तीन गाण्यांना लोक अजूनही पाणी प्यायला जातात. सुईवालं मात्र कुठं कुठं मागून घेतात, विशेषतः मांडवात म्हाताऱ्या जास्त असल्या की. त्याला हिट म्हणावं की नाही, हा वाद आहे. सैफुद्दीनच्या मते वाद मिटलेला आहे.

अनसिंगहून परतताना मेहरबी गाण्याबद्दल एक अक्षर बोलली नव्हती. दुसऱ्या दिवशी दोघं नेहमीसारखी समोरासमोर टाचायला बसली. सैफुद्दीनचा धागा संपला. त्यानं सवयीनं सुई पुढे केली.

मेहरबीनं हात मांडीवरच ठेवले. "गान्यात कसं मांगता?" ती म्हणाली. "तसं मांगा."

सैफुद्दीननं दाराकडे पाहिलं. गल्लीत कोणी नव्हतं. शेकडो माणसांसमोर माइकवर गायलेल्या त्या माणसाचे कान लाल झाले. त्यानं दोनदा घसा साफ केला. सुई धरलेला हात तसाच पुढे होता.

"मेहरबी," तो म्हणाला. जेमतेम ऐकू जाईल इतकंच.

"आयकू नाई आलं," मेहरबी म्हणाली, आणि सुई घेतली.