मानाजीरावांचा कोन्सेप्सिओन रेडिओ

मानाजीरावांचे खापरपणजोबा म्हैसूरच्या घोडदळात होते. घोडी कधीच गेली, पण ताठा राहिला. एकदा दिलेला शब्द मागे घ्यायची या घरात पद्धत नाही, मग तो कितीही मूर्खपणाचा असो.

योग शिकायला येणाऱ्या परदेशी लोकांना म्हैसुरातल्या जयलक्ष्मीपुरमच्या घराची माडी भाड्याने द्यायची, ही कल्पना मानाजीरावांचीच. चिलीहून आलेल्या मातिआसला किल्ली त्यांनीच दिली, खारा पोंगल त्यांनीच आग्रहाने वाढला. आणि एकुलती एक लेक भव्या त्याच्याशी लग्न करून निघाली, तेव्हा "आजपासून तुझ्याशी बोलणार नाही" असं म्हणालेही तेच. त्यांची बायको गोदावरीबाई लेकीशी रोज व्हिडिओवर बोलत. तेवढा वेळ हे चपला घालून रस्त्यावर.

पण तोंड मिटलं म्हणून कान थोडेच मिटतात! मोबाइलवर जगभरचे रेडिओ लागतात हे कळताच त्यांनी लेकीच्या गावाचं नाव शोधलं, कोन्सेप्सिओन. पहिलं आलं ते दाबलं. तेव्हापासून रोज कॉफीबरोबर स्पॅनिश. कळायचं काय? कप्पाळ! जरा कुठे कान लागला की पडद्यावर चक्र फिरत बसायचं, मग तीच ती जाहिरात. मानाजीराव चिडायचे, फोन आपटायचे, पुन्हा लावायचे. निवेदक मध्येच गावाचं नाव घ्यायचा, तेवढ्यासाठी हा सगळा खटाटोप. तिथली माणसं हसतायत, गातायत, म्हणजे पोरगी सुखात असणार, असं ते धरून चालले होते.

एका सकाळी गोदावरीबाई टीव्हीसमोरून धावत आल्या.

"री, अहो, चिलीत भूकंप झालाय! भव्याच्या गावाचंच नाव सांगतायत. तिचा फोन लागेना."

मानाजीरावांनी झटकन रेडिओ लावला. गिटार वाजत होती, कुणीतरी खिदळत होतं.

"एनू आगिल्ला, काही झालेलं नाही! सुम्मने, उगाचच घाबरतेस. गावात काही झालं असतं तर गाणी लावली असती काय? या टीव्हीवाल्यांना उद्योग नाहीत."

गोदावरीबाईंनी फोन हिसकावून घेतला. स्टेशनच्या नावाशेजारी चिमुकला झेंडा होता.

"अय्यो, हा चिलीचा झेंडा नव्हेच. जावयाच्या भिंतीवर रोज बघते ना मी, त्यात कोपऱ्यात ठळक चांदणी आहे. इथं कुठाय चांदणी?"

खाली बारीक अक्षरात देशाचं नाव होतं, पराग्वे. तिथेही एक कोन्सेप्सिओन होतं. दीड वर्ष मानाजीराव भलत्याच गावाचं सुख ऐकत बसले होते.

त्यांचा संताप उसळला. दुसरं नाव सुचलं नाही का मेल्यांना! पण खरा राग स्वतःचाच होता, आणि तो कुणावर काढणार? बायकोच्या फोनवरून त्यांनी लेकीचा नंबर लावला. लागेना. पुन्हा लावला. फोनला, कंपनीला, मातिआसच्या योगाला शिव्या देत लावतच राहिले. अखेर लागला.

"अम्मा, आम्ही बरे आहोत, भांडी तेवढी फुटली—"

"मी आहे!" मानाजीराव खेकसले, आणि त्यांचा आवाज फाटला. "तुमच्या गावचा रेडिओ कुठला, ते सांग आधी! दीड वर्ष मी भलताच ऐकतोय!"

पलीकडून भव्या रडत रडत म्हणाली, "रेडिओ कशाला, अप्पा? मी होते की."